वर्दीतल्या तोंडाला कुलूप

मागच्या अंकात आपल्या एका मित्रानं अर्धं पान लिहिलंय. आपल्याकडं एक कविता आली होती. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक जवान' एवढंच. मित्राचं म्हणणं, असली निनावी कविता छापू नये. वर शेरा मारलाय की ज्याला आपल्या ओळीखाली आपलं नाव टाकायची छाती नाही तो कसला भीमसैनिक, तो भित्रा.

मित्र एम.ए. झालाय. मी आठवीत शाळा सोडली आणि सूतगिरणीत रिंग खात्यात कंत्राटी लागलो. इंग्रजी मी साच्यावरच्या पाट्या आणि डिक्शनरी यावर शिकलो. पण 'भित्रा' हा शब्द मला गिळवत नाही. घशात अडकलाय, कापसाच्या धुरळ्यागत. म्हणून हे लिहितोय. संपादक मित्रांनो, कापू नका.

आधी हे बघू की त्या पोरानं नाव टाकलं असतं तर काय झालं असतं. जुन्या बाजारात मला लष्करी कायद्याचं एक फाटकं पुस्तक मिळालं, तीस रुपयाला. आर्मी ॲक्ट, १९५०. पाळी सुटल्यावर महिनाभर डिक्शनरी घेऊन बसलो. त्यात कलम २१ आहे. त्या कलमानं केंद्र सरकारला नियम करून जवानाच्या तीन गोष्टी आवळता येतात. संघटना-युनियनमध्ये जाणं, सभा-निदर्शनात भाग घेणं आणि वर्तमानपत्राशी बोलणं किंवा काही छापून आणणं. तसे नियम १९५४ साली झाले, आणि ते नुसते वाचले तरी अंगावर काटा येतो. नियम १९ म्हणतो, फौजेचा भाग नसलेल्या कुठल्याही संघटनेत सरकारच्या परवानगीशिवाय भाग घ्यायचा नाही. मात्र ती संघटना करमणुकीची किंवा धार्मिक असेल तर वरिष्ठाची लेखी परवानगी पुरते. म्हणजे भजनी मंडळाला साहेबाची चिठ्ठी चालेल, समतेची गोष्ट करणाऱ्या मंडळाला दिल्लीला जावं लागेल. नियम २० म्हणतो, राजकीय सभेला जायचं नाही, राजकीय संघटनेला वर्गणीसुद्धा द्यायची नाही. नियम २१ म्हणतो, राजकीय प्रश्नावर किंवा नोकरीच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापायचं नाही, वर्तमानपत्राला कळवायचं नाही, सरळ नाही आणि आडूनही नाही.

आता सांगा, जातीवरची कविता राजकीय प्रश्नात मोडते की नाही? आपणच तर दर अंकात बोंबलतो की जात हा राजकीय प्रश्न आहे. मग त्या पोराची कविता म्हणजे गुन्हा झाला. 'आडूनही नाही' म्हटल्यावर ती बायकोच्या नावानं पाठवली तरी मानगूट त्याचीच.

मला हे कळतं कारण मी पण एकदा लिहिलं होतं. खात्यातल्या धुरळ्यावर आणि तोंडाला बांधायच्या फडक्यावर चार ओळी, आणि त्या एका युनियनच्या पत्रकात आल्या. मुकादमानं मला अकरा दिवस गेटवर उभं केलं. कार्ड पंच करू दिलं नाही. उपाशी मेलो नाही, दुसऱ्या गिरणीत बदलीवर गेलो, परत आलो. माझ्यामागं ट्रेड युनियनचा कायदा आहे. कागदावर का होईना, आहे. माझं तोंड बंद करायचं तर मालकाला कायदा वाकवावा लागतो. जवानाचं तोंड बंद करायला कायदा सरळ उभाच आहे. मी गेटातून बाहेर पडलो तर बदली कामगार, तो गेटातून बाहेर पडला तर पळपुटा, आणि त्याला कोर्ट-मार्शल. दोन तराजू वेगळे आहेत दोस्ता. तू एकाच तराजूत दोघांना घातलंस.

आता मित्राचा दुसरा मुद्दा. तो लिहितो, जवानाची मुस्कटदाबी काय ती घटनेच्या कलम ३३ मध्येच आहे, आणि घटना बाबासाहेबांनी लिहिली, तेव्हा गप्प बसा. हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येतं आणि रागही येतो. बाबासाहेबांचं नाव घेऊन गप्प बसा म्हणणारे आता आपल्यातच निघाले! कलम ३३ वाच की. त्यात लिहिलंय की फौजेतल्या माणसांना मूलभूत हक्क किती प्रमाणात लागू करायचे, किती आवळायचे, हे संसद कायदा करून ठरवू शकेल. 'शकेल.' 'किती प्रमाणात.' म्हणजे कुलूप लावलंच पाहिजे असं घटना म्हणत नाही. ती किल्ली संसदेच्या हातात देते. कुण्या कर्नलच्या नाही, जनरलच्याही नाही. संसदेच्या हातात म्हणजे आपण निवडून देतो त्यांच्या हातात. म्हणजे त्यावर बोलणं हे आपलं कामच झालं. आणि संसदेनं काय केलं? इंग्रजांचा १९११चा फौजी कायदा होता, त्याच्या जागी १९५०चा आणला, आणि आवळायचं काम नियमांवर सोडून सरकारच्या हवाली केलं. घटनेत चर्चेला दार ठेवलं होतं, त्या दारात कपाट आणून उभं केलं.

या कपाटामागं कोण कोण गेलं ते बघा. इथं तरी आपल्या लोकांनी कान टवकारले पाहिजेत. संरक्षण खात्याच्या केंद्रांमध्ये काम करणारे स्वयंपाकी, चौकीदार, लष्कर, न्हावी, सुतार, मेकॅनिक, बूट शिवणारे, शिंपी यांनी युनियन केल्या होत्या. ('लष्कर' म्हणजे इथं खलाशी-हमाल. शब्दाची गंमत बघा, फौजेलाही लष्कर म्हणतात आणि त्याच नावाचा माणूस तिथं ओझी उचलतो की काय!) कमांडंटनं त्या युनियन बेकायदा ठरवल्या. माणसं कोर्टात गेली. म्हणाली, आम्ही बंदूक धरत नाही, आम्ही सिव्हिलियन, आम्हाला कलम ३३ कसलं? निकाल १९७५च्या अखेरीस लागला, १९७६च्या रिपोर्टात छापलाय, ओस कुट्टिलिंगल अच्युतन नायर विरुद्ध भारत सरकार. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तुम्ही लढत नसलात तरी तुम्ही फौजेचा अविभाज्य भाग, छावणीत आणि मोहिमेवर तुम्ही फौजेबरोबर असता, म्हणून तुम्हालाही युनियन नाही.

न्हावी, सुतार, चांभारकाम करणारा, शिंपी. गावगाड्यातले बलुतेदार ओळखू येतात का? गावात त्यांना पाटलाच्या ओट्यावर बसता येत नव्हतं. इथं गप्प बसवायच्या वेळेला मात्र त्यांना एकदम शिपायांच्या रांगेत बसवलं. शूर म्हणून नव्हे, मुका म्हणून. पुढं १९८३ साली आर. विश्वन यांच्या खटल्यात डोंगरात रस्ते बांधणाऱ्या दलाचं, ग्रेफचं, तेच झालं. फावडं धरणारे हातही फौजेत धरले गेले, आणि त्यांचंही तोंड बंद.

मी कोर्टाला शिव्या देत नाही. त्याच कोर्टानं १९८२ साली प्रीतीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात हेही म्हटलंय की फौजेत गेला म्हणून माणूस घटनेच्या आसऱ्यातून पार बाहेर फेकला जात नाही. कोर्ट-मार्शलवर पुराव्याची छाननी करणारं एकही अपील नाही यावर तिथं न्यायमूर्तींनी बोट ठेवलं. मग २००७ साली लष्करी न्यायाधिकरणाचा कायदा आला. पंचवीस वर्षं लागली. तेही एकट्यादुकट्याच्या दाव्यासाठी. दहा जणांनी मिळून, एका आवाजात, 'आमचं हे दुखतंय' म्हणायची सोय आजही नाही.

मित्र म्हणेल, तक्रारीची वाट आहे ना! आहे. कलम २६. जवानानं ज्याच्या हाताखाली नोकरी करतो त्या अधिकाऱ्याकडं तक्रार करायची. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडं. आणि कलम ५६ सांगतं, तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर पाच वर्षांपर्यंत कैद. खरी-खोटी ठरवणार कोण? तेच, शिडीच्या वरच्या पायरीवरचे. आमच्या खात्यात मुकादमाची तक्रार मुकादमाच्या मेव्हण्याकडं करायची असते, तसंच हे. फरक एवढाच की मुकादमाचा मेव्हणा तुरुंगात टाकू शकत नाही.

२०१७च्या जानेवारीत काय झालं ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. तेजबहादूर यादव, सीमा सुरक्षा दलाचा साधा जवान, जम्मू-काश्मीरच्या सीमेवर. हातात जळकी रोटी, ताटात हळद-मिठाचं पाणी, त्याला डाळ म्हणायचं. तो म्हणाला, सरकार पाठवतं, मधेच कुठं जातं बघा. दल गृहखात्याचं, कायदा वेगळा, पण कुलूप त्याच कारखान्यातलं. एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं. खोटे आरोप केले, शिस्त मोडली, असं ठरवलं. २०१९ साली तो वाराणसीतून निवडणुकीला उभा राहिला तर अर्ज फेटाळला. भ्रष्टाचार किंवा बेइमानीसाठी बडतर्फ झालेला नाही असा निवडणूक आयोगाचा दाखला जोडला नाही म्हणून. सुप्रीम कोर्टातही २०२० साली हरला. पाच वर्षं आधी एक माजी लष्करप्रमुख लोकसभेवर निवडून येऊन मंत्री झाले होते. ते निवृत्त, हा बडतर्फ, कायद्यानं दोन्ही बरोबर. मी फक्त दोन्ही ताटं शेजारी ठेवतोय.

त्या व्हिडिओनंतर लष्करप्रमुखांनी जाहीर केलं की तक्रारपेट्या ठेवू, नाव गुप्त राहील, पण समाजमाध्यमावर गेलात तर शिक्षा होऊ शकते. म्हणजे पेटीत चिठ्ठी टाक, नाव झाकून ठेवू, असं खुद्द लष्करप्रमुखांनी सांगितलं. आणि आमचा एम.ए. मित्र म्हणतो निनावी लिहिणारा भित्रा!

सहायकाची गोष्ट तर आपल्या घरातली आहे. साहेबाची वर्दी-बूट नीट ठेवणं, निरोप नेणं, असं काम कागदावर. प्रत्यक्षात कुत्रं फिरवणं, मेमसाहेबांची भाजी आणणं, पोरं शाळेत सोडणं, अशा तक्रारी जवानांनीच केल्यात. नौदलात आणि हवाई दलात ही प्रथा नाही, तरी जहाजं चालतात आणि विमानं उडतात. २००८ साली संसदेच्या संरक्षण समितीनं ही प्रथा बंद करा म्हणून सांगितलं. आपण याला काय म्हणतो? आपण याला महारकी म्हणतो. पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं, सरकारी टपाल न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं. १९२८ पासून बाबासाहेब वतनाविरुद्ध भांडले, १९५८ साली वतनं खालसा करणारा कायदा झाला. गावातली महारकी गेली, छावणीतली वर्दी घालून उभी आहे. आणि ती करणाऱ्यानं बोलायचं नाही. २०१७ साली नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत केरळचा एक लान्स नाईक मेलेला सापडला. त्याआधी छुप्या कॅमेऱ्यासमोर तो सहायकाच्या कामाबद्दल बोलला होता. बातमी करणाऱ्या बाईंवर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा लावला. २०१९ साली मुंबई हायकोर्टानं तो रद्द केला. साहेबाच्या कुत्र्याचा पट्टा कोण धरतो, हे देशाचं गुपित!

आता इतिहास. कारण मित्राला इतिहास फार आवडतो. मीही दर १ जानेवारीला कोरेगावला जातो, सुट्टी मिळो न मिळो. खांबापुढं उभा राहतो. १८१८ साली मेलेल्यांची नावं तिथं आहेत, 'नाक' 'नाक' असं शेवटी असलेली. ती वाचताना छाती फुगते. पण दोस्तांनो, ती नावं मेल्यावर कोरलीत. जिवंत असताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं, बाबा तुझं म्हणणं काय. आणि १८९२च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा फौजेतल्या एकाही महार शिपायाला उघड बोलता आलं नाही. बोलले कोण? पेन्शनर. गोपाळबाबा वलंगकर, पेन्शनीत निघालेले, दापोलीत राहून १८९४ साली त्यांनी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे, जे फौजेत नव्हते, त्यांनी १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. १९१७ साली महारांची पलटण काढली, लढाई संपल्यावर १९२१ पर्यंत मोडून टाकली. १९४१च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सगळ्या जातींची पोरं आहेत, ते बरंच झालं. चामार रेजिमेंट १९४३ला उभी केली आणि १९४६ला मोडली. तिचे शिपाई बोलू शकले असते तर?

म्हणजे आपली सगळी चळवळ पेन्शनरांच्या तोंडातून बाहेर आली. रामजी सुभेदार लष्करी शाळेत हेडमास्तर, मग पेन्शन, मग पोराची शिकवण. महिन्याला चार दमड्या हक्काच्या येतात म्हणून ताठ मानेनं बोलता येतं. फौजेत गप्प, पेन्शनीत मोकळं. २०१५ साली जंतरमंतरवर 'एक हुद्दा एक पेन्शन' म्हणून बसले तेही म्हातारेच. आणि आता २०२२च्या जूनपासून अग्निपथ. चार वर्षं नोकरी, चारातल्या तिघांना घरी, पेन्शन नाही. नोकरीत तोंड उघडायचं नाही, आणि ज्या पेन्शनीच्या जोरावर नंतर उघडायचं ती पेन्शनच नाही. त्यातून जो चौथा आत राहू इच्छितो तो चार वर्षं कशाबद्दल तरी तक्रार करील काय? यावर आपल्या एकाही पुढाऱ्याला बोलताना मी ऐकलं नाही. ते निळा फेटा बांधून खांबाजवळ फोटो काढत होते.

आणि गिरणीकामगार म्हणून एक गोष्ट मी सांगणारच. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, कुलाब्याची 'तलवार' नावाची नौदलाची केंद्रशाळा. पोरांनी अन्न नाही तर काम नाही म्हणून संप केला. कशासाठी? सडकं जेवण, गोऱ्यांपेक्षा कमी पगार, आणि कमांडर किंगच्या आयमाय काढणाऱ्या शिव्या. 'कुलीची अवलाद' ही त्यातली एक. दोन-तीन दिवसांत अठ्ठ्याहत्तर जहाजं, वीसेक हजार खलाशी. २२ तारखेला मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या. लालबाग-परळची माणसं रस्त्यावर आली. गोळीबारात दोनशेच्या वर मेली. परळला कमल दोंदे मेल्या. कामगाराला खलाशाची भूक न सांगता कळली. पुढाऱ्यांना कळली नाही. काँग्रेस आणि लीग दोघांनी शरण जा म्हणून सांगितलं. २३ला पोरं शरण गेली. सरदार पटेलांनी त्या दिवसांत पत्रात लिहिलं की फौजेच्या शिस्तीशी खेळता येत नाही, स्वतंत्र हिंदुस्थानालाही फौज लागणार आहे. खरं बोलले. स्वातंत्र्य आलं, पण त्या पोरांना नौदलानं परत घेतलं नाही. १९४६ला डाळ, २०१७ला डाळ. राज्य बदललं, मुदपाकखाना तोच.

एवढं सगळं म्हटल्यावर मित्राचं शेवटचं अस्त्र येईल, शिस्त. जवान भाषणं करू लागले तर पाकिस्तानागत जनरल गादीवर बसेल. ही भीती खोटी नाही. मला बोलका जनरल नको आहे. पण हा धोका वरून येतो रे, खालून नाही. डाळ पातळ आहे म्हणणाऱ्या शिपायानं कुठलं सरकार उलथवलं? जर्मनीत हिटलर बघितल्यावर त्यांनी नवी फौज उभी केली तेव्हा ठरवलं की शिपाई म्हणजे वर्दीतला नागरिक. १९५६ पासून तिथं शिपायांची संघटना आहे. हॉलंडमध्ये सक्तीनं भरती झालेल्या पोरांनी १९६६ला युनियन काढली, लांब केस ठेवायचा हक्कसुद्धा मिळवला. आयर्लंडात शिपायांना बोलता येईना तर बायका उठल्या, संघटना केली, १९८९च्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, आणि १९९०ला संघटनेचा कायदा झाला. फ्रान्सला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं २०१४ साली सांगितलं, सरसकट बंदी चालणार नाही. अमेरिकेनं मात्र १९७८ साली कायद्यानं बंदी घातली, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. आयर्लंडमध्ये संपाचा हक्क दिला नाही, आणि मीही तो मागत नाही. मोर्चा कुठं लागला, तोफा किती, हे कुणी सांगू नये. पण ताटात काय पडलं, सुट्टी का नाकारली, साहेबाच्या घरी भांडी का घासली, बॅरकीत कुणी जातीवरून शिवी दिली, हे गुपित नाही. त्याला मत देता येतं, मत मांडता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ती कविता छापा. 'एक जवान' एवढंच नाव ठेवा, आणि गावाचा, पलटणीचा जो उल्लेख तिसऱ्या कडव्यात आहे तो काढा, नाहीतर वास काढत पोचतील. अर्ध्या पानाच्या मित्राला मी शत्रू मानत नाही. त्यानं पुस्तक मागितलं तर देतो, तीस रुपयाचं आहे, परत करावं.

दुसरं, येत्या १ जानेवारीला कोरेगावात आपण नुसत्या घोषणा द्यायच्या नाहीत. एक पत्रक काढायचं, एका पानाचं, मराठी-हिंदीत, कारण तिथं माजी सैनिक खूप येतात. त्यात तीन गोष्टी सरळ मागायच्या. संसदेनं कलम २१ खालचे नियम स्वतः समोर घेऊन चर्चा करावी. जवानांच्या पोटापाण्याच्या, सुट्टीच्या, मानाच्या प्रश्नांसाठी त्यांनीच निवडलेली, संप न करणारी प्रतिनिधी संघटना मान्य करावी. आणि स्वयंपाकी, न्हावी, बूट शिवणारे, रस्ते बांधणारे यांना त्यांची युनियन परत द्यावी. खाली माजी सैनिकांच्या सह्या घ्यायच्या. चालू नोकरीतल्या कुणाचीही सही घ्यायची नाही, त्यानं हौसेनं पुढं केली तरी. मजकूर मी लिहितो, हिंदी कुणीतरी तपासा. कागदाच्या खर्चात माझे दोनशे धरा, पगार सात तारखेला होतो.